मी अडवलेली हाक

मी एक कानटोपडं बोलतोय. खोक्यावर माझं नाव इअरमफ असं छापलंय, पण ते टोकावडे गावात कुणाच्या तोंडी बसलं नाही. काहींना मी हेडफोन वाटलो आणि ते मला डोक्यावर घालणाऱ्या सोमाला विचारू लागले, आज कुठलं गाणं लावलंस म्हणून. कानटोपडं हे नाव त्याच्या दोस्ताने, गोजरने ठेवलं. तान्ह्या पोराच्या कानांवरून थंडीत बांधतात ते कानटोपडं. पन्नाशीला टेकलेल्या सोमाच्या डोक्यावर मला पाहून गोजर इतका हसला की पोट धरून खालीच बसला. मला त्या वेळी अपमान वाटला होता. आता वाटतं, त्याने मला त्या नावाने आणखी काही वर्षं चिडवायला हवं होतं.

माझ्या अंगात फारसं काही नाही. दोन कडक वाट्या, आत जाड स्पंज, कडेला मऊ गादी आणि दोन्ही वाट्यांना जोडणारी एक पोलादी पट्टी. काम एकच, आवाज अडवायचा. माणसाच्या कानाला जे सोसत नाही ते आधी माझ्यावर येऊन आदळतं. मी सगळं ऐकतो, आत मात्र थोडंच सोडतो. या कामाचा मला गर्व होता. खोटं कशाला बोलू, अजूनही थोडा आहे, आणि त्याचीच मला लाज वाटते.

माझा जन्म कुठल्या गावच्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. तिथे माझ्यासारखे हजारो एका पट्ट्यावरून पुढे सरकत होते, तेवढं आठवतं. नंतर खोकं, अंधार, टेम्पोचे धक्के. डोळे उघडले ते शहापूरला कानाच्या एका दवाखान्यात, आणि समोर उभी होती मनाली.

मनाली त्या दवाखान्यात मदतनीस. तिथे एक काचेची बंद खोली होती. त्यात माणसाला बसवायचं, हातात एक बटण द्यायचं, बारीक आवाज सोडायचे आणि ऐकू आला की बटण दाबायला सांगायचं. हे काम ती दिवसभर करायची. आणि रविवारी टोकावड्याला घरी गेली की स्वतःच्या बापाशी ओरडून बोलायची. तिची आई ती शाळेत असतानाच गेली. बापलेक दोघंच, त्यातला बाप अर्धा बहिरा.

हा बाप म्हणजे सोमा, कटरवाला. म्हणजे साखळीच्या मशीनने झाडं तोडणारा. मुरबाडपासून वैशाखऱ्यापर्यंत, कधी तानसाच्या बाजूलाही, कुणाच्या मालकीच्या रानातला साग, कुणाच्या बांधावरची निलगिरी, परवानगीचा कागद हातात आला की ठेकेदार आपली टोळी तिकडे न्यायचा. ठेकेदाराला सगळे शेठ म्हणत. अठरा वर्षं ते मशीन सोमाच्या कानापासून हातभर अंतरावर किंचाळत होतं. संध्याकाळी मशीन बंद व्हायचं, पण त्याच्या कानातले रातकिडे बंद व्हायचे नाहीत. धंदा म्हटला की असं व्हायचंच, असं म्हणून तो सोडून द्यायचा.

एकदा मनालीने त्याला जवळजवळ ओढतच दवाखान्यात आणलं. काचेच्या खोलीत बसवलं, बटण हातात दिलं. ती बाहेरून आवाज सोडू लागली. सोमा शांत बसून होता. तिने आवाज वाढवला, अजून वाढवला. तो तसाच, शाळेतल्या शहाण्या मुलासारखा, अंगठा बटणावर तयार ठेवून. मग त्याने काचेतून तिच्याकडे बघून विचारलं, "अजून सुरू नाय केलंस का गो?"

मी तेव्हा बाहेर टेबलावर होतो. मनालीने मान खाली घातली आणि कागदावर काहीतरी लिहीत राहिली. लिहिण्यासारखं काही नव्हतं.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं, गेलं ते परत येणार नाही, उरलंय तेवढं राखा. त्याच संध्याकाळी मनालीने मला विकत घेतलं आणि बापाच्या डोक्यावर स्वतःच्या हाताने चढवलं. माझ्या आयुष्यातला पहिला मान तो. सोमाचे कान मोठे होते, पाळीला जुन्या बाळीचं भोक होतं, आणि त्यांना लाकडाच्या भुशाचा वास येत होता. मी त्यांना नीट मिठी मारली.

आता गोजरचं सांगतो. त्याच्याशिवाय ही गोष्टच नाही.

गोजर म्हणजे टोळीतला दोरवाला. झाडाच्या वरच्या अंगाला दोर बांधायचा, ते कुठे पडायला हवं तिकडे ताण द्यायचा आणि लांब उभं राहून शेंड्यावर नजर ठेवायची, हे त्याचं काम. सोमा मशीन धरून बुंध्याशी वाकलेला असायचा. त्याला वरचं काही दिसत नसे. मशीनवाल्याने कापाकडे बघायचं आणि दोरवाल्याने शेंड्याकडे, अशी त्यांची वाटणी. झाड हललं की गोजर ओरडायचा, "आलाऽऽ", आणि सोमा मान वर न करता बाजूला व्हायचा. मशीनच्या किंचाळण्यातून त्याला दुसरं काही ऐकू येवो न येवो, गोजरची ती हाक बरोबर ऐकू यायची. अठरा वर्षांची सवय. हे कुणी कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. तपासायला कुणी आलंही नव्हतं.

सोमा बौद्धवाड्यातला, गोजर गावातल्या जुन्या शेतकरी घरातला. दोघांचे डबे मात्र एकाच फडक्यावर उघडायचे, आणि गोजरची बायको काशी चटणी जास्तच द्यायची, कारण निम्मी सोमा खाणार हे तिला माहीत होतं.

मी पहिल्या दिवशी रानात गेलो तेव्हा गोजरचं हसून झाल्यावर त्याने एक प्रश्न विचारला. टोळीतल्या बाकी कुणाला तो सुचला नाही, मनालीला नाही, मलाही नाही.

"हे बांधल्यावर माझी हाक कशी ऐकशील रे?"

सोमा म्हणाला, ऐकू येईल की. मग त्यांनी करून पाहिलं. मशीन सुरू केलं, गोजर लांब जाऊन ओरडला. मी ती हाक अडवली. अगदी छान अडवली. सोमाने मान हलवली, नाय आली.

तेव्हा गोजरने खाली वाकून एक ढेकूळ उचललं आणि सोमाच्या पाठीवर नेम धरून मारलं. भुसकन फुटलं. सोमा दचकून वळला आणि दोघंही हसायला लागले. ठरलं. एक ढेकूळ बसलं की थांबायचं आणि वर बघायचं. दोन बसली की मशीन टाकून पळायचं. भाताची कापणी झालेली होती, खाचरं सुकलेली, ढेकळांना काय तोटा. गोजर रोज सकाळी वाटेतल्या बांधावरून फडकंभर ढेकळं वेचून आणायचा. त्याचा नेमही चांगला होता. लहानपणी आंबे पाडून पाडून बसलेला. एकदा ढेकूळ मानेवर बसलं आणि सोमाच्या सदऱ्यात माती गेली, तर तो दिवसभर गोजरला शिव्या घालत होता आणि गोजर म्हणत होता, कानटोपड्यावर नाय मारलं ते बरं, पोरीने एवढ्या हौसेनं आणलंय.

ते दोन महिने माझ्या आयुष्यातले सुखाचे. सोमाच्या कानातले रातकिडे हळूहळू कमी झाले, आणि त्यांच्या गलक्यात बुडालेले आवाज वर आले. घरी चुलीवर दूध उतू जाताना त्याला चुरचुर ऐकू येऊ लागली. मी खुंटीवर टांगलेला असायचो आणि ऐकत असायचो. एका संध्याकाळी मनालीचा फोन आला. ती नेहमीसारखी ओरडून बोलत होती. सोमा म्हणाला, "हळू बोल गो. बहिरा नाय मी."  पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि तोही सोमाने ऐकला.

फाल्गुनात टोळी वैशाखऱ्याच्या वरच्या अंगाला गेली. कुणीतरी बंगला बांधायला जागा घेतली होती, त्यातली निलगिरी काढायची होती. ती जागा कातळाची. वरवर मुरूम, खाली सगळा दगड. झाडांनी त्या कातळाच्या भेगांतून मुळं कशी घातली होती ती त्यांनाच ठाऊक.

सकाळी एक झाड पडता पडता शेजारच्या झाडाच्या फांदीत अडकलं. अर्धं आडवं, अर्धं उभं, तसंच लटकून राहिलं. असं झाड वाईट. ते कधी सुटेल ते सांगता येत नाही. ट्रॅक्टरने ओढून आधी ते खाली घ्यायला हवं, हे टोळीतल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण टोळीचा ट्रॅक्टर चालवणारा प्रज्वल तो घेऊन मुरबाडला लाकूड टाकायला गेला होता, आणि शेठचा फोन आला की दुपारी ट्रक येतोय, माल तयार पाहिजे. सोमाने लटकलेल्या झाडाकडे बघितलं. त्याच्यापासून जरा बाजूला दोन झाडं होती. त्याला वाटलं, ती तेवढी घेऊ, आपण काय त्याच्या बरोबर खाली नाही.

चहाच्या वेळी गोजरने त्याला फडकं झटकून दाखवलं. ढेकळं संपली होती. इथे कातळावर माती नाही, खाली बांधावरून आणतो म्हणाला. खाली जाऊन यायला पाऊण तास. सोमा म्हणाला, "दोन तर झाडं राह्यलीत. जेवायला उतरू तेव्हा आण."

मी त्याच्या गळ्यात लटकत होतो, मी हे शब्द ऐकले. आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. हे माझं खरंखुरं सांगणं आहे.

मग त्याने मला कानांवर चढवलं, मशीनची दोरी ओढली आणि वाकला.

पुढे काय झालं ते मंगळीने पाहिलं. मंगळी टोळीत डहाळे गोळा करायची. ती सांगते, वारा आला आणि लटकलेलं झाड करकरलं. गोजर ओरडला. सोमा वाकलेलाच. गोजर पुन्हा ओरडला आणि खाली वाकून जमीन चाचपू लागला. त्याच्या हाताला दगड लागला. त्याने तो उचलला, हात मागे नेला. मारला नाही. दगड त्याच्या हातून तसाच खाली पडला, आणि तो धावत सुटला.

मी काही पाहिलं नाही. मी फक्त ऐकलं. मशीनची किंचाळी, त्याच्या मागून गोजरच्या हाका, आणि मग जवळ जवळ येणारी त्याची पावलं. त्या हाका एकामागून एक माझ्यावर येऊन आदळल्या आणि मी त्या सगळ्या अडवल्या. मला दुसरं येत नव्हतं. शेवटची हाक तर अगदी जवळून आली. ती काय होती ते सांगायचा मला अजून धीर होत नाही.

सोमाला पाठीत जोराचा धक्का बसला. तो पुढे पालथा पडला, मशीन हातातून सुटून बंद पडलं, मी डोक्यावरून उडालो आणि कातळावर आपटलो. माझ्या डाव्या वाटीवर तेव्हाचा ओरखडा आहे. मशीन बंद झाल्यावर त्या रानात किती शांत होतं ते सांगता यायचं नाही. सोमा उठता उठता रागावून म्हणत होता, काय करतोस रे, ढकलतोस काय. मग तो वळला.

झाडाखालून गोजरला काढायला टोळीला वेळ लागला. रस्त्यावर एक टेम्पो थांबवला. सोमाने गोजरचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि तो सारखा त्याच्या तोंडाशी कान नेत होता, काही बोलतोय का बघायला. मुरबाडच्या अलीकडेच गोजर गेला. मला कुणी उचललं ते आठवत नाही. मी मंगळीच्या पाटीत, डहाळ्यांच्या दोरीबरोबर गावात आलो.

शेठने दुसऱ्याच दिवशी निरोप धाडला, यापुढे कुणी कानाला काही लावायचं नाही. कान झाकल्याने माणूस गेला म्हणे. आसपासच्या टोळ्यांनीही ते ऐकलं आणि ज्यांच्याकडे माझे भाऊबंद होते त्यांनी ते गोणीत टाकले. त्यांच्याबरोबर डोक्यावरच्या टोप्याही गेल्या, पायाच्या जाड पट्ट्याही गेल्या. लटकलेल्या झाडाबद्दल कुणी काही बोललं नाही. ट्रकच्या घाईबद्दल तर नाहीच. मी माझा वाटा नाकारत नाही. हाक मी अडवली. पण सगळं ओझं एका कानटोपड्यावर टाकून माणसं मोकळी झाली, हे मला कातळावर आपटण्यापेक्षा जास्त लागलं.

गोजरचं बारावं झालं. सोमा रोज काशीच्या ओट्यावर येऊन बसायचा आणि उठून जायचा. बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी काशीने त्याला विचारलं, त्याने हाक मारली होती का. सोमा म्हणाला, मारली असेल, मंगळी म्हणते मारली, मला आली नाही.

काशीच्या कानावर बरंच काही आलं होतं. गावात चार तोंडं चार गोष्टी बोलत होती. कुणी म्हणे सोमाला ऐकू आलं होतं, पण झाड संपवायचं होतं त्याला. तिने मंगळीकडून मला मागून घेतलं आणि सोमाला सांगितलं, मशीन आण.

त्या सकाळी तिच्या खळ्यात जे झालं तसं मी पुन्हा पाहणार नाही. प्रज्वलने मशीनची साखळी काढून ठेवली आणि इंजिन तेवढं सुरू करून तिच्या शेजारी धरलं. काशीने पदर मागे सारला आणि मला स्वतःच्या कानांवर चढवलं. तिचे कान लहान, मी तिला सैल होत होतो, तर तिने मला दोन्ही हातांनी दाबून धरलं. सोमाला तिने खळ्याच्या पार टोकाला उभं केलं होतं. तो हाक मारायचा तशी मार, एवढंच सांगून ठेवलं होतं.

सोमा ओरडला. आलाऽऽ. आजूबाजूच्या घरांतून माणसं बाहेर आली. रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीतल्या दोघा-तिघांनी खिडकीतून डोकं काढलं. तो पुन्हा ओरडला, पुन्हा ओरडला, त्याचा आवाज फाटला, गळ्याच्या शिरा दिसायला लागल्या. काशी त्याच्या तोंडाकडे बघत होती. तिला फक्त त्याचं तोंड उघडताना दिसत होतं. मी माझं काम केलं.

तिने मला काढलं आणि प्रज्वलला मशीन बंद करायला खूण केली.

"नाय येत रे ऐकायला," ती म्हणाली. "तू खरं बोलतोस."

सोमा तिथेच मातीत बसला. इतक्या दिवसांत तो रडला नव्हता, तो आता रडला. काशी त्याच्याजवळ गेली नाही. थोड्या वेळाने ती लांबूनच म्हणाली, "दगड मारायला पायजे होता त्यानं. तुझी पाठ फुटली असती, बरी झाली असती. पण मित्राला दगड मारायचा नाय, हेच त्याला कळलं."

सोमाने हात जोडले. मी तिच्या हातातच राहिलो. हे माझ्यापाशी राहू दे, असं ती म्हणाली आणि आत गेली.

तिने मला आतल्या खुंटीवर टांगलं. मला वाटलं होतं ती मला चुलीत घालील. घातलं असतं तर मी हूं की चूं केलं नसतं. पण दुपारी घरात कुणी नसलं की ती मला खाली काढायची, माझी एक वाटी कानाशी धरायची आणि डोळे मिटून बसायची. तिला वाटायचं, त्याने मारलेली हाक यातच कुठेतरी राहिली असेल. "काय म्हणला रे शेवटी?" ती मला विचारायची. अगदी हळू, लहान पोराला विचारावं तसं. आणि माझ्यापाशी ती हाक होती. आहे. पण मला अडवता येतं, सोडता येत नाही. मी दुपारमागून दुपार तिच्या कानाशी मुका राहिलो.

महिन्याभराने सोमा पुन्हा कामावर जाऊ लागला. न जाऊन भागणार नव्हतं. कान उघडेच. मंगळी येऊन काशीला सांगायची की त्याला कुणी काही म्हणायला गेलं तर तो म्हणतो, त्या दिवशी नाय ऐकलं, आता सगळं ऐकायचंय मला. त्याने स्वतःला ती शिक्षाच घेतली होती. मशीन किंचाळायचं आणि तो कान त्याच्यासमोर धरायचा. रातकिडे परत आले, आणि या वेळी ते जायला आलेले नव्हते.

मनालीला त्याने एवढंच सांगितलं होतं की झाड पडून गोजर गेला. बाकीचं तिला मंगळीकडून कळलं. ती सुट्टी काढून आली आणि काशीच्या घरी येऊन बसली. मी खुंटीवर होतो, तिची नजर माझ्यावर पडली आणि तिने तोंड फिरवलं.

ती काशीला सांगत होती. आदल्या संध्याकाळी जेवताना तिने धीर करून बापाला म्हटलं होतं, बाबा, मी ते आणलं नसतं तर काका असता आज. सोमाने घास हातात धरून विचारलं, काय म्हणलीस? तिला ते दुसऱ्यांदा बोलता आलं नाही. काय नाय, भाकरी वाढू का म्हटलं, असं ती म्हणाली. सोमाने ताट पुढे केलं.

"काकी, मी बाबाला कान आणून दिले आणि काकाला मारलं," मनाली म्हणाली.

काशी तांदूळ निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं. "तू बापाचे कान वाचवायला गेलीस, ते बरोबर केलंस. कान झाकल्यावर डोळ्यांनी काय करायचं ते कुणी शिकवलं नाय. ते दोघं ढेकळं मारत बसले आणि आमी सगळे हसत बसलो. शेठ पण हसला. ते चुकलं आमचं."

मग तिने मला खुंटीवरून काढलं, पदराने पुसलं आणि मनालीच्या मांडीवर ठेवलं. ते देताना तिचा हात जरा अडकला. ते मनालीला कळलं नसेल, मला कळलं.

दोघी दुसऱ्या दिवशी रानात गेल्या. मनालीने डॉक्टरांकडून, आणखी कुणाकुणाकडून विचारून माहिती आणली होती. कामाचा भरवसा हाकेवर ठेवायचा नाही. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतराच्या आत मशीनवाल्याशिवाय कुणी नाही. प्रत्येक कापानंतर मशीन मंद करायचं, मान वर करून शेंडा बघायचा, मग नजर राखणाऱ्याकडे बघायचं, आणि त्याचा हात वर दिसल्याशिवाय पुढचा काप घ्यायचा नाही. झाड अडकलं तर सगळं काम बंद, आधी ते खाली. शेठ म्हणाला, एवढं करत बसलो तर दिवसाला निम्मीच झाडं होतील. सोमाने त्याच्या तोंडाकडे नीट बघून घेतलं, कारण आता त्याला ओठ बघितल्याशिवाय नीट कळत नव्हतं. मग त्याने मशीन उचललं, शेठच्या पायाशी ठेवलं आणि दोन पावलं मागे सरला. कटरवाला दुसरा मिळेना म्हणून असेल, किंवा काशी तिथे उभी होती म्हणून असेल, शेठ कबूल झाला.

नजर कोण राखणार, असं त्याने विचारलं. काशी म्हणाली, "मी राहते. त्याची जागा कुठची होती ती दाखवा."

मग मनालीने मला पुन्हा बापाच्या कानांवर चढवलं. त्याला आता वर्ष होईल. माझ्या गाद्या भेगाळल्या आहेत, आतला स्पंज दबलाय, पट्टी ढिली पडलीय. मनाली नवीन आणते म्हणते, सोमा नको म्हणतो. त्याचे उरलेले कान मी राखतोय, फार उरलेलं नाही. मनालीचा हळू आवाज त्याला आता कधी ऐकू येणार नाही. ते त्या दोघांनाही माहीत आहे आणि दोघंही फोनवर मुद्दाम मोठ्याने हसतात.

कामावर सगळं ठरल्याप्रमाणे होतं. काप झाला की मशीन मंद होतं. सोमा वर बघतो, मग मागे बघतो. लांबवर काशी उभी असते, हात वर केलेली. तिचा हात दिसला तरी तो लगेच वाकत नाही. माझी एक वाटी तो कानावरून जराशी उचलतो आणि थांबतो.  रानात पानांचा आवाज असेल तेवढा. मग तो वाटी खाली करतो आणि कामाला लागतो.

मी आता जुना झालो. एक दिवस कुणीतरी मला उकिरड्यावर टाकील, त्याचं मला दुःख नाही. पण माझ्यापाशी एक वस्तू आहे, ती माझ्याबरोबर जायला नको. काशीला ती हवी होती, मी देऊ शकलो नाही. सोमा अजून रोज तिची वाट बघतो. तुम्ही तरी ती घ्या. तुमच्यातल्या कुणाच्या हाताखाली मशीन चालत असेल, कुणाच्या घाईसाठी एखादा माणूस लटकलेल्या झाडाजवळ वाकलेला असेल, तर त्याच्यापर्यंत पोचवा.

सोमा समजतो की गोजर शेवटी "आला" म्हणून ओरडला असेल. तसं तो आधी दोनदा ओरडला, खरं आहे. नंतर त्याने नाव घेऊन हाक मारली. पण दगड टाकून धावत आला तेव्हा तो ओरडत नव्हता. त्याला दम लागला होता. माझ्यापासून हातभर अंतरावर तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "सोमा, बघ ना रे."